सातव्या महिन्यातला खेळगडी

२४ ऑगस्ट, रविवार

कॉम्प्युटरचा दुकानदार चिऊ म्हणतो, "काका, कॉम्प्युटर कधी हँग होतो, तेव्हा तुम्ही काय करत होतात, सगळं लिहून ठेवत जा. म्हणजे रोग सापडेल." म्हणून ही वही घेतली. नाहीतर लिहिण्याचं मला वावडंच. बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं ते निव्वळ तोंडाच्या जोरावर. आमच्या अर्ध्या आन्पिंग गावाला गाडी मी शिकवली आहे, आणि उरलेलं अर्धं आन्पिंग कशी गाडी चालवतं ते रस्त्यावर दिसतंच.

तर नोंद. काल चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागला. खालचं, मेलेल्यांच्या जगाचं दार उघडलं आणि ती मंडळी महिन्याभरासाठी वर आली. त्यांना भूत म्हणायचं नसतं, भाऊ म्हणायचं. मी कुणाला घाबरत नाही, पण उगाच तोंड कशाला विटाळा? आणि नेमकी कालच, कॉम्प्युटरवरच्या खेळातली लढाई ऐन रंगात असताना, तो जागच्या जागी थिजला. माझा ढालवाला एक पाय उचलून उभा तो उभाच. शत्रूनं येऊन त्याला धोपटलं आणि आमचा बुरूज पाडून निघून गेला. हेडफोनमधून आ-स्यूंग बोंबलतोय, "कप्तान, डुलकी लागली का?" हा आ-स्यूंग न्हावी आहे. गेली चाळीस वर्षं माझी मान त्याच्या वस्तऱ्याखाली असते, म्हणून त्याला फार बोलता येत नाही.

आमचा संघ पाच जणांचा, सगळे पासष्टीपुढचे. कप्तान मी. वीस सप्टेंबरला शेजारच्या वॉर्डाशी अंतिम सामना आहे. त्यांचा कप्तान लियाव, निवृत्त चहावाला, महाखवचट माणूस. देवळासमोर चारचौघांत त्यानं मला डिवचलं आणि मी बोलून गेलो, "चषक आणला नाही तर कप्तानपद सोडीन, पुन्हा माऊसला हात लावणार नाही." आता बोललो ते बोललो.

वॉर्डप्रमुख आंगबाई आज म्हणाल्या की प्रत्येकाला एक राखीव गडी हवा, घरातलाच चालेल. म्हटलं, माझ्या घरात कोण आहे? मुलगा तर उत्तरेला नोकरीवर. त्यांनी छाय-हूनचं, म्हणजे आमच्या मंडळींचं, नाव घातलं. सगळे खो-खो हसले. घरी आल्यावर ती कोळंबी सोलत बसली होती, तिला सांगितलं. म्हणाली, "राखीव आहे तर एकदा खेळून बघू का?" म्हटलं, "अगं, हे झटपट डोकं चालवायचं काम आहे. तुझं नव्हे ते."  ती कोळंबी फार जोरात सोलायला लागली.

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी दोनदा हँग. मुलाला फोन केला, कॉम्प्युटर मुळात त्याचाच जुना. म्हणाला, "बाबा, धूळ साफ करा. त्याला हवा लागली पाहिजे, तापत असेल." म्हटलं, घर तुझी आई दिवसातून दोनदा पुसते, आम्हाला धूळ शिकवू नकोस. मग फोन तिनं घेतला आणि दोघं अर्धा तास बोलत बसली. "डावीकडून झुडपातून जायचं का मधूनच?" असलं काहीतरी ती विचारत होती. मासळीबाजाराचा नवा रस्ता असेल.

२७ ऑगस्ट, बुधवार

अखेर हिरवं पाकीट आणलं. सुरुवातीलाच आणायला हवं होतं. आमच्याकडे बँकेत, इस्पितळात, पोलीस ठाण्यात, जिथं म्हणून यंत्र आहे तिथं ते असतंच. आत नुसता नारळाच्या चवीचा मक्याचा खाऊ, पण नावाचा अर्थ 'शहाण्या बाळासारखा वाग' असा असल्यामुळे यंत्रं वचकून असतात. पाकीट हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र रेंगाळतं, लाल ठेवलं तर बसूनच घेतं. तारीख उलटलेली नको. आणि कोणी फोडून खायचं नाही, नाहीतर संपलंच.

कॉम्प्युटरच्या डोक्यावर जाळी आहे, तिथून सारखी ऊब येत असते. नेमकं त्या जाळीवरच पाकीट ठेवलं. यंत्राचा श्वास पाकिटाला लागला पाहिजे, उगाच कडेला कुठेतरी ठेवून काय उपयोग? वर देव्हारा आहेच. तिथं सकाळ-संध्याकाळ तीन उदबत्त्या लागतात, त्यात आजपासून कॉम्प्युटरच्या नावाच्या तीन वाढवल्या. त्या त्याच्या अगदी पुढ्यात लावतो, वाटीत तांदूळ घालून.

छाय-हून दारात उभी राहून बघत होती. "जाळीवरच ठेवायचं का?" एवढंच म्हणाली. म्हटलं, यातलं तुला कळत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

तीनदा हँग. दुसरं पाकीट आणलं. एकटं घाबरत असेल.

३० ऑगस्ट, शनिवार

स्कूटरवर घालून कॉम्प्युटर चिऊकडे नेला. पाकिटं रस्त्यात पडतील म्हणून घरीच ठेवली. दुकानात त्यानं दुपारभर लढाया लावून ठेवल्या. पठ्ठ्या एकदाही अडला नाही! मी घामाघूम, आणि तो दिव्यांची आरास करून फुरफुरतोय.

चिऊ म्हणाला, "इथं तर सरळ चालतोय की, काका. घरी पाकीट ठेवलंय ना?"

"ठेवलंय. दोन."

"हिरवीच ना? तारीख बघितलीत?"

"बघितली रे बाबा."

"मग आणखी काय करणार माणूस!" तो म्हणाला. "उघडून बघितलं असतं, पण चालत्या यंत्राला हात लावू नये."

हे त्याचं बरोबर आहे. घरी आणला, पाकिटं चढवली, उदबत्ती लावली, आणि चौथ्या मिनिटाला हँग. शाळेत मास्तरांपुढं गरीब गाय आणि घरी आलं की शिंगं! असली कार्टी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुष्कळ पाहिली आहेत. तिसरं पाकीट आणलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते दार उघडं टाकून लिहितोय. घाबरून नव्हे. उकाडा आहे.

मी रोज सहाला घर सोडतो. बंदरावर फिरतो, मग बुद्धिबळवाल्यांबरोबर दहापर्यंत बसतो. आज परत आलो तर कॉम्प्युटरपुढची खुर्ची खाली गेलेली. चांगली वीतभर. मी उंच माणूस, ती खुर्ची मी कधी खाली केलेली नाही. माऊस कीबोर्डच्या दुसऱ्या अंगाला. आणि पाकिटं होती तिथंच, पण जे खाली ठेवलं होतं ते वर.

कॉम्प्युटर लावला. माझ्या नावावर सकाळी दोन लढाया, दोन्ही जिंकलेल्या! आणि मी तेव्हा बंदरावर एका म्हाताऱ्याचा घोडा मारत होतो.

छाय-हूनला विचारलं, "सकाळी घरात कोण आलं होतं?"

"कोण येणार? मीच होते."

म्हणजे बाहेरचं माणूस कोणी नाही. मग राहिलं कोण? सातवा महिना आहे. मी काय समजायचं ते समजलो.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी तीन जिंकल्या. म्हणजे त्यांनी जिंकल्या. आणि त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटर एकदाही हँग होत नाही, हे विशेष.

संध्याकाळी संघात माझीच चर्चा. आ-स्यूंग म्हणाला, "कप्तान, सकाळी तुम्ही चोरून सराव करता होय! घरून बघत होतो, काय खेळलात! आणि तोंडातून अवाक्षर नाही. गप्प राहिलात की किती छान खेळता हो तुम्ही!"

मी म्हटलं, "सकाळी डोकं ताजं असतं."

खरं लिहितो, वही माझी आहे. मला नाही म्हणता आलं असतं. पण चौघं जण एका सुरात आपलं कौतुक करत असताना मध्येच तोडायचं, हे काही सभ्यपणाचं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

देवळात गेलो, मात्सूमातेला कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या. एक पालथी आणि एक उताणी पडली की होकार.

विचारलं, "माझ्या खुर्चीत कोणी बसतं का?" होकार.

"आमच्याच घरातलं माणूस आहे का?" होकार.

"बाई आहे का?" होकार! माझ्या अंगावर काटा आला.

"माझ्यावर रागावली आहे का?" होकार. खात्री करायला आणखी दोनदा टाकल्या. होकार, होकार.

आता आमच्या घरातली, माझ्यावर रागावलेली बाई म्हणजे दुसरी कोण असणार? माझी आई! मरेपर्यंत म्हणत होती, "किम-थो, तू कुणाचं ऐकून घेत नाहीस." उंचीनंही ठेंगणी होती, खुर्ची खाली का जाते तेही जुळलं. आणि कॉम्प्युटर तिच्या हाताखाली गुमान का चालतो तेही. आईपुढं आम्ही सातही भावंडं असेच गुमान चालायचो.

कशासाठी रागावली आहे ते विचारणार होतो, पण मागे रांग होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काल रात्री छाय-हूनला सगळं सांगितलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओठ दाबून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिचे खांदे हलताना दिसत होते. सासूच्या आठवणीनं रडू आलं असणार. जिवंतपणी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं होतं, पण माणूस गेल्यावर माया वाटतेच.

पहाटे उठून मी स्वतः भात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. खाली थोडा लागला. वर मांसाचा रस्सा घातला, खारवलेलं आलुबुखार ठेवलं आणि ताट कीबोर्डपुढं मांडून म्हटलं, "आई, जेवून घे. मग खेळ." दहाला आलो तर ताट चाटूनपुसून साफ. लोक म्हणतात, ही मंडळी नुसता वास घेतात. आमच्या आईचं सगळंच दणदणीत.

६ सप्टेंबर, शनिवार

महिन्याची पौर्णिमा. दारात टेबल मांडून सगळ्या भाऊमंडळींना पान वाढलं. गल्लीभर धूर. आमच्या पुढच्या खोलीत तर माणूस दिसेना इतक्या उदबत्त्या मी लावल्या. संध्याकाळी कॉम्प्युटर लावला आणि पाच मिनिटांत हँग. पुन्हा लावला, पुन्हा हँग. चौथं आणि पाचवं पाकीट चढवलं. आता जाळी दिसतसुद्धा नाही. पण बाजूला हात लावला तर इस्त्रीसारखा चटका बसला. राग अजून गेलेला नाही तर.

८ सप्टेंबर, सोमवार

छाय-हून सहज बोलावं तसं म्हणाली, "सासूबाईंना रोज मांस झेपत नसेल. माशाची पेज करून बघा. वर भरपूर आलं घाला."

"आईला आलं चालत नसे. वासानंसुद्धा उठून जायची."

"तिकडं गेल्यावर चव बदलते म्हणतात."

केली. आलं किसताना बोट किसलं. ताट साफ! एक शीत उरलं नाही. खरोखरच चव बदलते की काय. दुपारी देव्हाऱ्यापुढं उभं राहून मोठ्यानं विचारलं, "आई, पेज आवडली का? मीठ बेताचं होतं ना? आणखी काही हवं असलं तर सांग, संकोच करू नकोस." आतून छाय-हूनचा आवाज आला, "थोडं कमी चालेल मीठ." म्हटलं, तुला कोणी विचारलंय?

१० सप्टेंबर, बुधवार

टोपी विसरली म्हणून सातलाच परत आलो. दाराबाहेर होतो तर आत छाय-हून ओरडतेय, "मार! मार! डावीकडून घे! सोडू नकोस मेल्याला!" दार उघडतो तो ती चप्पल हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी. तोंड लालबुंद.

"काय झालं गं?"

"झुरळ."

"मग मेलं का?"

"मेलंच होतं, तुम्ही आलात आणि निसटलं."

आणि काय पाहावं! पाचही पाकिटं कोचावर. म्हणाली, पुसायला काढली होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? तुझ्यामुळेच सगळा घोटाळा होतोय!" ती चप्पल खाली टाकून माझ्याकडं बघत राहिली. मग एकेक पाकीट उचलून, अगदी नीट, जाळीवर दाबून दाबून बसवलं. "हं. घ्या," म्हणाली.

रात्री जेवताना ताट माझ्यापुढं आदळलं. झुरळाचं फारच मनाला लावून घेतलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

देवळासमोर लियाव भेटला. चेहरा उतरलेला. "किम-थो, ऐकलंय सकाळी फार जबरदस्त खेळता म्हणे. आमची पोरं बघून आली. म्हणाली, हा गडी झुडपातून कधी निघेल सांगता येत नाही." पोरं म्हणजे त्याचे बहात्तर-बहात्तर वर्षांचे गडी. मी नुसता हसलो. घरी येऊन आणखी तीन उदबत्त्या लावल्या.

कारण सामना संध्याकाळी आहे. आणि संध्याकाळी खुर्चीत मी असतो.

खरं लिहायचं तर मला झोप नाही. आईच्या जिवावर मी कप्तान म्हणून मिरवतोय, आणि सगळ्या वॉर्डानं मला डोक्यावर घेतलंय. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर थिजला तर खेळ जाईल, पद जाईल, आणि रोज संध्याकाळी पाच म्हातारे एकमेकांना शिव्या देत बसतो तेही जाईल. ते गेलं तर सहा ते नऊ मी काय करायचं?

अंथरुणावर छाय-हूनला म्हटलं, "मी हरलो तर?"

तिनं कूस बदलली. मग म्हणाली, "हरलात तर हरलात. घरी तर याल ना जेवायला."

१७ सप्टेंबर, बुधवार

सातवं पाकीट. मुलाचा फोन. "बाबा, आईला द्या." हल्ली माझ्याशी बोलतच नाही कार्टं.

२० सप्टेंबर, शनिवार

सगळं लिहितो. रात्र झाली तरी लिहितो.

वॉर्डाच्या सभागृहात दोन्हीकडे पाच-पाच टेबलं, मध्ये भला मोठा पडदा, आणि खुर्च्यांवर अख्खी वस्ती. मी कॉम्प्युटर, सात पाकिटं, तांदळाची वाटी, सगळं मांडलं. उदबत्ती पेटवली तशी आंगबाई धावत आल्या. "अहो कप्तान, वर आगीची घंटा आहे! वाजली तर सगळे भिजू!" विझवली. मनात चर्र झालं.

तीन डावांपैकी पहिला सुरू झाला. मी बरा खेळलो. खरंच बरा. पण आमच्या बुरुजापाशी लियावची टोळी आली, मी ढाल पुढं केली, आणि झालं! ढालवाला एक पाय उचलून उभा. मोठ्या पडद्यावर, अख्ख्या आन्पिंगसमोर. लोक हसायला लागले. लियाव ओरडला, "किम-थो, क्लच सोडा, क्लच!" माझ्याच धंद्यावर! आम्ही डाव हरलो.

मी बटणं दाबतोय, मशीनला हात जोडतोय, आई आई म्हणतोय. आंगबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं विश्रांती. नाही सुरू झालं तर राखीव गडी येऊ दे." लोक आणखी हसले. आ-स्यूंगनं मान खाली घातली. ते मला फार लागलं.

आणि छाय-हून उठली. शेवटच्या रांगेतून, पिशवी काखेत मारून, सावकाश चालत आली. सातही पाकिटं उचलून माझ्या हातात कोंबली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, रंगाचा कोरडा ब्रश काढला. कॉम्प्युटरची बाजू उघडली आणि आत बघून म्हणाली, "बघा." आत नुसती राख. उदबत्त्यांची करडी राख, पंख्यांवर बोटभर जाडीची, जाळीत लादी बसल्यासारखी. तिनं झाडली, फुंकर मारली, ती सगळी माझ्या तोंडावर. लोक आता पोट धरून हसत होते. मी पाकिटं सांभाळत शिंकत होतो.

मग ती माझ्या खुर्चीत बसली, खुर्ची खाली घेतली आणि माऊस दुसऱ्या अंगाला.

दुसरा डाव कसा झाला ते मला सांगताच येणार नाही, कारण मला डोळ्यांनी दिसतच नव्हतं इतक्या वेगानं ती बोटं चालली होती. झुडपातून निघाली, लियावच्या दोन गड्यांना आडवं केलं, परत झुडपात. "आ-स्यूंगदादा, मागं राहा! मी म्हणेन तेव्हा या! आता! मार! डावीकडून!" आमचा न्हावी, जो माझं कधी ऐकत नाही, तो पोरासारखा पळत होता. कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. दुसरा डाव आमचा. तिसरा तर वीस मिनिटांतच. बुरूज कोसळला तेव्हा वस्ती खुर्च्यांवर चढून नाचत होती आणि लियाव टाळ्या वाजवत होता. खवचट आहे, पण खेळाडू आहे.

मला मात्र तिथंच सगळा उलगडा झाला. हा आईचाच खेळ! तीन आठवडे जी माझ्या खुर्चीत बसत होती ती आज, ऐन वेळी, सुनेच्या अंगात आली. लेकाची अब्रू वाचवायला. नाहीतर छाय-हूनला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?

घरी आल्याबरोबर मी तिच्यापुढं गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. म्हटलं, "आई, तुझे उपकार झाले."

तिनं पिशवी खुंटीला अडकवली. मग विचारलं, "उद्या महिन्याचा शेवटचा दिवस ना?"

"हो. उद्या दार बंद होतं."

"मग परवा बोलू," म्हणाली, आणि दिवा मालवून झोपली.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला निरोप दिला. कागदी पैसे जाळले, पेज केली, पान वाढलं. "सांभाळून जा, आई. पुढच्या वर्षी ये," म्हटलं. सात पाकिटं देव्हाऱ्यापुढं तिच्या नावानं ठेवली. संध्याकाळी देवळात जाऊन खालचं दार लागताना बघितलं. घर एकदम रिकामं वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज बंदरावर मन लागेना. सातच्या आतच परतलो. गल्लीत शिरलो तोच ऐकू आलं, "मार! मार! सोडू नकोस!"

दार सताड उघडं होतं. चप्पल तिच्या पायातच होती, हातात नव्हती. छाय-हून खाली घेतलेल्या खुर्चीत बसून खेळत होती, आणि मी आलो तरी उठली नाही.

आठवा महिना लागला होता. खालचं दार काल बंद झालं. मी पंचांग काढून पुन्हा एकदा बघितलं.

"तूच होतीस," मी म्हटलं.

"कोण वाटलं?"

"आई."

"आल्याची पेज खाणारी?"

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिची बोटं चालूच होती. सगळे दिवस एकेक करून डोळ्यांपुढून जायला लागले, आणि प्रत्येक दिवशी मी थोडा थोडा जास्त गाढव दिसत होतो.

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं, खेळू का म्हणून. तुझं काम नव्हे म्हणालात." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मग खुर्ची खाली राहिली, तर म्हणालात कोणीतरी आलंय. आणि चारच दिवसांत त्या कोणीतरीसाठी पहाटे उठून भात लावायला लागलात. मीठ बेताचं आहे ना म्हणून विचारायला लागलात. एक्केचाळीस वर्षं मी तुमच्यापुढं ताट ठेवतेय, तुम्ही कधी मला विचारलंत? मग म्हटलं, जाऊ दे. या घरात जिवंत राहण्यापेक्षा भूत होऊन राहणंच परवडलं."

तिनं भाऊ नाही म्हटलं, सरळ भूत म्हटलं. मी टोपी काढून हातात घेतली. 

म्हटलं, "कप्तानपद तू घे. मी आंगबाईंना सांगतो."

"ते मी कालच घेतलंय. आंगबाई घरी आल्या होत्या, तुम्ही संध्याकाळी देवळात होतात तेव्हा. तुम्ही राखीव आहात."

"बरं."

पडद्यावर तिचा गडी झुडपात दबा धरून बसला होता. माझी टोपी अजून हातातच होती. विचारलं, "उद्यापासून सकाळी मी बंदरावर जाऊ, की इथं बसलो तर चालेल तुला?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "लढाई चालू आहे."

मी थांबलो. लढाई बरीच लांबली. एकदा वाटलं, ती मला विसरलीच. शेवटी बुरूज पडला, तिनं बोटं मोडली, मान दोन्हीकडं वळवली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ते स्टूल घेऊन या."